ऐंशी कॉलमांची ओळ

माणसाला माणसाच्या जवळ आणणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी विज्ञानाने जगाला दिल्या, त्यांत ऐंशी कॉलमांच्या डिस्प्ले कार्डाचा नंबर बराच वर लागतो, असं बाबांचं मत होतं आणि ते त्यांनी जन्मभर कुणाचीही भीडभाड न ठेवता मांडलं. त्याच कार्डापायी सख्ख्या थोरल्या भावाशी त्यांचं बोलणं बंद होऊन बत्तीस वर्षं झाली होती, एवढं मात्र ते त्याच दमात सांगत नसत.

ते त्यांची मुलगी सांगायची. तिचं औषधांचं दुकान होतं, म्हणून दोन्ही घरांत तिला गोळी म्हणत. वय पंचेचाळीस, केस पांढरे व्हायला लागलेले, तरी गोळीच. दर महिन्याला ती काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या काकांकडे आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाबांकडे पोचवायची. गोळ्या एकाच कंपनीच्या, एकाच ताकदीच्या. दोघा भावांमध्ये बत्तीस वर्षांत एकमत झालेली ही एवढीच बाब, आणि तीही डॉक्टरांनी परस्पर ठरवलेली.

प्रकरण मुळात नळाचं होतं. बाबा पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते, काका शाळेत भाषा शिकवायचे. बाबांना नळाबद्दल सगळं ठाऊक होतं पण लिहिता येत नव्हतं. काकांना नळाबद्दल काही ठाऊक नव्हतं, पण ते कशाबद्दलही लिहू शकत. दोघांनी मिळून 'घरच्या घरी नळदुरुस्ती' हे पुस्तक लिहायला घेतलं आणि त्यासाठी अर्धे अर्धे पैसे घालून एक घरगुती कॉम्प्युटर आणला. मळकट पांढऱ्या रंगाचा, कीबोर्ड पोटातच असलेला, टीव्हीला जोडायचा. दर रविवारी काका यायचे. बाबा बोलायचे, काका टंकायचे, आणि आई चहा करता करता स्वयंपाकघरातला गळका नळ कधी दुरुस्त होणार असं विचारायची. तो प्रकरण सातमध्ये यायचा होता.

पुस्तक संपलं, तेव्हा पहिलं पान करायची वेळ आली. त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका ओळीत चाळीस अक्षरं मावत. काकांचं नाव वडिलांचं नाव, आडनाव आणि कंसातली पदवी धरून अडतीस अक्षरांचं होतं. बाबांचंही अडतीस. बाप एकच, आडनाव एकच, त्यामुळे फरक पडायला फारशी जागा नव्हती. म्हणजे दोन नावं एका ओळीत बसेनात. एक वर, एक खाली. काकांनी स्वतःचं वर टंकलं. बाबा म्हणाले, "मी खाली का?" काका म्हणाले, "कुणीतरी खाली असणारच की, छोट्या." ते दोघांनाही पटलं, फक्त कुणी ते ठरेना.

तेव्हा कार्ड आलं. पोस्टकार्डाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर आठ-दहा काळ्या चिपा आणि एका कडेला सोनेरी दातांची रांग. झाकण उघडून आतल्या खाचेत ती पट्टी बसवली की चाळीसाच्या जागी ऐंशी अक्षरं दिसत. अडतीस आणि अडतीस शहात्तर, मध्ये 'व' आणि त्याच्या दोन बाजूंच्या मोकळ्या जागा धरून एकोणऐंशी. दोन भाऊ शेजारी शेजारी, एका रांगेत, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. काकांनी शाळेच्या बोनसमधून कार्ड आणि त्याला लागणारा खास मॉनिटर विकत घेतला, कार्ड बसवलं, दोन्ही नावं टंकली. दोघं मागे सरून समाधानाने बघत राहिले. साधारण मिनिटभर. मग बाबा म्हणाले, "तुझं डावीकडे का?"

आईने सुचवलं की निम्म्या प्रतींवर याचं नाव आधी घाला, निम्म्यांवर त्याचं. दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती नळ बंद करायला आत निघून गेली. ऐंशीतली एक जागा उरत होती. ती कुणाच्या बाजूला सोडायची यावरही बरंच बोलणं झालं. शेवटी काकांनी मशीन चालू असतानाच झाकण उचललं, कार्ड उपटलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ते जिना उतरून गेले. पडद्यावर आडव्या रेघा उरल्या. तेरा वर्षांची गोळी दारात उभी होती. 'काका, पुढच्या रविवारी या' असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

अशा रीतीने इस्टेटीची वाटणी झाली. मशीन बाबांकडे, कार्ड काकांकडे. मशीनला कार्डाशिवाय दोन नावं एका ओळीत दाखवता येत नव्हती आणि कार्डाला मशीनशिवाय काहीच दाखवता येत नव्हतं. पुस्तक छापलं गेलं नाही. नळ गळत राहिला. लग्नकार्यात दोघं यायचे, पण दोन वेगळ्या रांगांत बसायचे. आई गेली त्या दिवशी काका आले, दारापाशी उभे राहिले. बाबा खिडकीपाशी उभे होते. मधल्या दहा फुटांत गोळी दोघांना पाणी देत फिरत होती.

आणि आता काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, म्हणाले डॉक्टर, वाचलेलंही समजतं, पण बोलता येणार नाही. अगदीच येणार नाही असं नव्हतं. एक शब्द शिल्लक राहिला होता: गुरुवार. गुरुवारच का, हे कुणालाच सांगता आलं नाही. काकांचा जन्म बुधवारचा होता.

"सगळ्यालाच गुरुवार म्हणतात," काकू गोळीला म्हणाल्या. "चहा हवा, गुरुवार. पंखा बंद कर, गुरुवार. काल सोमवार होता तरी गुरुवार. मी म्हटलं, चाळीस वर्षं वर्गात बडबड केली ती संपली वाटतं सगळी."

"आणि हो की नाही, ते कसं कळतं?"

"नाही असलं तर उशी फेकतात. डाव्या हाताने. नेम चांगलाय."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी काका-काकू मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. मुलाचं गाव विमानाने सहा तासांवर. काकू तिथल्या थंडीबद्दल बोलत होत्या, पण तिथून परत येण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि गोळीनेही विचारलं नाही.

तिने ही बातमी बाबांना सांगितली तेव्हा ते कॉम्प्युटरवरची धूळ झटकत होते. दर रविवारी ते मशीन अर्धा तास चालू ठेवत, आतले भाग झोपू नयेत म्हणून. चाळीस कॉलमांचा तो पडदा लुकलुकत राही, बाबा त्याच्याकडे बघत राहात, आणि अर्धा तास झाला की बटण बंद. कुणी म्हटलं असतं की हे एखाद्या माणसाला भेटायला गेल्यासारखं आहे, तर बाबांनी त्याला वॉशर बदलायला बसवलं असतं.

"कायमचा जातोय?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबांनी फडकं चौकोनी घडी करून ठेवलं. "मला त्याला लिहायचंय."

गोळीचा जीव भांड्यात पडला. "लिहा ना बाबा! कागद देऊ? नाहीतर तुम्ही सांगा, मी फोनवर टाइप करते. काकू वाचून दाखवतील."

"कागदावर नाही. यावर. ऐंशीत."

"ऐंशीत कशाला?"

"ज्या ओळीवर मोडलं, त्याच ओळीवर जुळलं पाहिजे. चाळीसात ओळ अर्धी होते. अर्ध्या ओळीत माणूस काय लिहिणार? दुकानाची यादी?" मग आवाज उतरवून म्हणाले, "कार्ड त्याच्याकडेच असेल. आण. पण मी मागितलं असं सांगू नकोस."

"मग कुणी मागितलं म्हणू? मला औषधांच्या दुकानात ऐंशी कॉलम कशाला हवेत?"

"तू शिकलेली आहेस. काहीतरी सांग."

शिकलेल्या मुलीला काही सुचलं नाही. ती दुसऱ्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात खोकी बांधायला मदत करत बसली आणि सरळ म्हणाली, "काकू, काकांकडे एक हिरवी पट्टी होती. कॉम्प्युटरची."

"हिरवी? सोनेरी दातांची?" काकू थबकल्या. "ती गिझरची ना?"

"गिझरची नाही, काकू."

"अगं, बत्तीस वर्षं मी ती गिझरची म्हणून सांभाळतेय! तीन गिझर बदलले, पट्टी तीच. दर वर्षी पहिल्या तारखेला हे खोडरबर घेऊन बसायचे आणि तिचे दात घासायचे. स्वतःचे घासले नसतील इतके. मी म्हणायची, अहो, गिझर तर चालतोय. तर म्हणायचे, असू दे, कधी लागली तर तयार असावी."

पट्टी काकांच्या टेबलाच्या वरच्या खणात होती, चॉकलेटच्या चांदीच्या कागदात गुंडाळलेली. काका खिडकीशी खुर्चीत होते. गोळीने ती त्यांच्यासमोर धरली. "काका, ही नेऊ?"

काकांनी पट्टीकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू हलली. "गुरुवार," ते म्हणाले.

गोळीने उशीकडे नजर टाकली. उशी मांडीवरच राहिली.

"ने," काकूंनी निकाल दिला.

बाबांनी कार्ड उजेडात धरून दात पाहिले. एकेक दात नव्या अंगठीसारखा झळकत होता. "घासलंय," ते म्हणाले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि गळक्या नळापाशी बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "आधी नळाला हात लावून ये. अंगातली वीज उतरायला पाहिजे, नाहीतर चिप जाते." गोळी नळाला हात लावून आली. पंचेचाळिसाव्या वर्षी वडिलांच्या हुकमावरून नळाला शिवून येणारी बाई आपल्या दुकानात आली तर आपण तिला काय देऊ, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

कार्ड बसलं, पण दिसणार कशावर? टीव्हीला ऐंशी झेपत नाहीत, अक्षरं विरघळून त्यांची खीर होते, असं बाबांनी सांगितलं. तेव्हाचा खास मॉनिटर आईने भंगारात दिला होता, फारसं न विचारता. गोळीने आठ ठिकाणी चौकशी केली. एका दुकानदाराने तिला संग्रहालयात जायला सुचवलं, विकत घ्यायला की राहायला ते सांगितलं नाही. अखेर मॉनिटर सापडला तो तिच्याच दुकानाशेजारच्या रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये. कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यावर कुंडी होती.

"न्या की," लॅबवाला म्हणाला. "चालतो. फक्त त्याच्यावर काहीतरी छापलंय."

"छापलंय म्हणजे?"

"अठरा वर्षं दिवसभर एकच पान होतं त्याच्यावर. काच जळली. आता बंद केला तरी दिसतं. जात नाही ते."

पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे पुस्तकाचं पहिलं नाव यायचं नेमक्या त्या जागी, काळपट अक्षरांत कायमचं लिहिलेलं होतं: रुग्णाचे नाव.

बाबांनी चष्मा वर करून ते वाचलं. "डावीकडेच," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुन्हा खाली केला.

मॉनिटर जोडला, बटण दाबलं, कार्डाला हाक मारायचा हुकूम टंकला. पडदा काळाच. कार्डाला हाक मारताना ते ज्या खाचेत आहे तिचा आकडा द्यावा लागतो, आणि जुन्या फ्लॉपीवरचा लिहायचा प्रोग्राम ते एकाच ठरलेल्या खाचेत शोधतो. खाचा सात होत्या. त्यांतली ती कुठली, हे बाबा विसरले होते. हे काम नेहमी काका करत.

"दुसरी असावी," बाबा म्हणाले. दुसरीत बसवून झालं होतं.

"मग एकेक करून बघू या ना. सातच तर आहेत."

"दर वेळी काढघाल केली की दात झिजतात." बाबांनी कार्ड हातात धरलं होतं, दातांना बोट न लागू देता. "बत्तीस वर्षं राखलेत त्याने ते. मी एका संध्याकाळी झिजवू?"

गोळीने पुढे केलेला हात मागे घेतला.

"त्याला विचार," बाबा म्हणाले. "पण मी विचारतोय असं—"

"सांगत नाही."

बोलता न येणाऱ्या माणसाला आकडा विचारायला गोळी निघाली. काका पलंगावर होते. काकू पडदे उतरवत होत्या. गोळी काकांच्या डाव्या हाताशी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं: कार्ड, मॉनिटर, खाच. बाबांचं नाव घेतलं नाही. काकांनी डोळे मिटले. 'झोपले' असं वाटून ती उठणार, तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताने तिचा तळवा धरला आणि त्यावर बोटाने टकटक केलं. एक. दोन. तीन. थांबले. पुन्हा एक, दोन, तीन. मग तिच्या तळव्यावरचं आपलं बोट तिसऱ्या टकटकीवर दाबून धरलं, शाळेत खडू दाबून धरत तसं.

"काय मागताहेत गं?" काकूंनी स्टुलावरून विचारलं.

"काही नाही. तीन."

"तीन काय?"

"गुरुवार," काका म्हणाले.

तिसऱ्या खाचेत कार्ड बसलं आणि पडदा उजळला. हिरव्या, बारीक, नीटस अक्षरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांनी बोटाने मोजले. ऐंशी. मग ते गोळीला म्हणाले, "तू जा आता," आणि दार लावून घेतलं.

रविवारला दहा दिवस होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी गोळीने विचारलं, "झालं?" बाबा म्हणाले, "समास लावतोय." दुसऱ्या दिवशी, "समास." चौथ्या दिवशी ती जेवण घेऊन आत गेली तर त्यांनी पडद्यावर टॉवेल टाकला. सहाव्या दिवशी तिने दाराला कान लावला. कळांचा आवाज येत होता, थोडा वेळ, मग एकच कळ पुन्हा पुन्हा, लांबलचक. ती अक्षरं खोडायची कळ होती, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देताना त्या कळीचा विचार करायची. बत्तीस वर्षांचं सगळं तिथे येत असेल आणि जात असेल. आईचं काही असेल. नळाचं असेल. तिला वाटायचं, आपण आत जाऊन त्यांचा हात धरावा; पण हात धरून पुढे काय करावं हे तिला सुचायचं नाही, म्हणून ती जायची नाही.

नवव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, दार उघडलं. "झालं," बाबा म्हणाले. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली.

गोळीने प्रिंटर पाहिला. त्याची शाईची फीत वाळून कडक झाली होती. "मी पडद्याचा फोटो काढते. उद्या सकाळी काकांना दाखवते."

"फोटो?" बाबा उखडले. "त्यासाठी एवढं केलं? ऐंशी कॉलम घेऊन चार बोटांच्या फोनात कोंबायचे? तो वाचेल ते पडद्यावर वाचेल. ऐंशीत."

"म्हणजे हे सगळं तिथे न्यायचं?"

"मग काय त्याला इथे आणणार आहेस?"

"मला जोडता येत नाही, बाबा."

बाबांनी टॉवेलची घडी केली. ती उलगडून पुन्हा केली. "मग जोडायला माणूस लागेल," ते म्हणाले. "मी येतो. जोडून देतो."

अशा रीतीने बत्तीस वर्षांनी धाकटा भाऊ थोरल्याच्या घरी निघाला, तो तंत्रज्ञ म्हणून.

काकांच्या घराखाली सामानाचा ट्रक उभा होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत मशीन गोळीने उचललं, मॉनिटर टॅक्सीवाल्याने. कार्ड धक्क्याने हलू नये म्हणून बाबांनी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं आणि जिना चढताना त्यावर हात धरला होता. बघणाऱ्याला वाटावं की छातीत दुखतंय. गोळीला तसंच वाटलं, आणि तिने दोनदा विचारलं.

दार उघडंच होतं. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन होते. रिकाम्या खोलीच्या मधोमध एका खुर्चीत काका बसले होते, कोट घालून, प्रवासाला तयार.

"या भाऊजी," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातातला दोरा हातातच राहिला. "बसा म्हटलं असतं, पण खुर्ची एकच उरलीय."

"असू दे वहिनी. काम करून जातो."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. म्हणजे बाबांनी खोक्याकडे पाहिलं, आणि काकांनी बाबांच्या बुटांकडे. एका उपड्या खोक्यावर मशीन ठेवलं, दुसऱ्यावर मॉनिटर, काकांच्या समोर, त्यांना मान वळवावी लागू नये असं. बाबांनी स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावला. परत येऊन गुडघ्यांवर बसले, झाकण उचललं आणि कार्ड तिसऱ्या खाचेवर धरलं. दात खाचेच्या कडेला आपटत राहिले, आत जाईनात.

तेवढ्यात काकांचा डावा हात पुढे आला आणि कार्डाच्या दुसऱ्या टोकावर टेकला. दोघांनी मिळून दाबलं. कार्ड बसल्याचा बारीकसा आवाज झाला.

बाबांनी फ्लॉपी घातली, तारा जोडल्या, भिंतीतल्या प्लगात पिन खोचली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. तारा काढून घातल्या. मशीनचं बूड चाचपलं, मॉनिटरला थापट मारली. काका बघत होते. गोळीने भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबून पाहिलं, मग पंख्याचं, मग आतल्या खोलीतलं. घरभर फिरून तिने सगळी बटणं दाबली.

"काकू, वीज?"

"वीज कुठली? मीटर सकाळीच काढून नेला ना. आज घर सोडायचं तर आजच्याच तारखेला बंद करायला सांगितलं होतं." काकूंनी मशीनकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "अगं, तू विचारलंस कुठे? मला वाटलं, भाऊजी भेटायला येतायत."

"शेजारून वायर घेऊ?"

"शेजारीण सकाळचा चहा देऊन कामावर गेली. खालच्यांचं कुलूप आहे." खाली ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मग टॅक्सीवाल्याने, त्याला उत्तर म्हणून.

बाबा गुडघ्यांवरच होते. समोर बंद पडद्याची काच होती, आणि विजेशिवायही तिच्या डाव्या कोपऱ्यात तेवढं दिसत होतं: रुग्णाचे नाव. दोन हमाल दारात येऊन उभे राहिले. एकाने खुर्चीकडे बोट दाखवलं. "ही जायची का?"

"जायची," काकू म्हणाल्या. "पण थांब जरा."

हमाल थांबले. सगळेच थांबले. गोळीला आठवलं की ती तेरा वर्षांची असताना अशीच उभी होती आणि तोंड उघडून मिटलं होतं. तिने आताही ते उघडलं, आणि आताही त्यातून काही निघालं नाही.

बाबांनी काचेवरून नजर काढली. बत्तीस वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं. ते एका बाजूने ओघळलेलं होतं.

"दादा," बाबा म्हणाले, "तुझं नाव आधी."

काका बघत राहिले. ओठांची डावी बाजू हलली, थांबली, पुन्हा हलली. डोळ्यांत पाणी होतं. पण ते झटका आल्यापासून सारखंच असायचं, डॉक्टरांनी त्यासाठी थेंब दिले होते.

"गुरुवार," काका म्हणाले.

हो की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. उशी सामानात बांधली होती.

मग काकांनी डावा हात उघड्या झाकणात घातला, कार्ड धरलं, हळूच सोडवलं, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी अडवलं नाही. त्यांनी झाकण लावलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. उठताना आधार म्हणून खुर्चीचा हात धरला, आणि तो उठून झाल्यावरही थोडा वेळ धरून ठेवला. मग हमाल आले आणि त्यांनी काकांना खुर्चीसकट खाली नेलं.

परतीच्या टॅक्सीत मॉनिटर पुढच्या सीटवर होता, पट्टा लावून. मागे मांडीवर मशीन घेऊन बाबा बसले होते.

"बाबा," गोळी म्हणाली, "तुम्ही बोललात त्याशिवाय चिठ्ठीत आणखी काय होतं?"

"एवढंच."

"एवढंच? नऊ दिवस?"

"समास बसत नव्हता."

टॅक्सी सिग्नलला थांबली, तेव्हा गोळीने बोटांवर मोजलं. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि मधल्या मोकळ्या जागा धरून ती ओळ तेरा अक्षरांची होती.